चार नंबर प्रेसवरची ट्यूब

सेफ्टी ऑफिसर म्हटलं की लोकांना वाटतं, याच्याजवळ नुसत्या अपघाताच्या फायली असणार. फायली कंपनीतच राहिल्या हो! माझ्याबरोबर आले ते किस्से. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे दुसरा उभाच असतो, आणि बायको आतून ओरडते, "चहा गार झाला!"

गोष्ट दोन हजार सालानंतरची. मी मूळ परभणीकडचा. राहायला पुण्याजवळ जांब्यात भाड्याची खोली आणि नोकरी घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात. तिथे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवायच्या प्रेस होत्या. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली, तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येणार. म्हणजे ठोकळा येताना हात बटणांवर आणि बोटं शाबूत!

पण चार नंबर प्रेसवरच्या एकनाथने एक बटण सायकलच्या ट्यूबने आवळून कायमचं दाबून ठेवलेलं. का? तर डाव्या तळव्यावरची तंबाखू सांडू नये म्हणून!

मी ट्यूब कापायचो, दुसऱ्या दिवशी नवी हजर. शेवटी मेमो दिला. त्याने उजव्या हाताने सही केली, डाव्यातली तंबाखू जराही हलली नाही.

"सायेब, पंधरा वर्सं झाली, एक नख बी तुटलं न्हाई," म्हणाला.

मला मात्र घरी जेवायला बसलं की त्याची बोटं डोळ्यांपुढे यायची. खरंच सांगतो, त्या माणसाच्या दहा बोटांनी माझा जीव टांगणीला लावला होता. आणि तो? मजेत!

* * *

आधी बुटांचं सांगतो. कंपनीने सगळ्यांना पुढे स्टील असलेले नवे बूट दिले. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळे चपलांवर!

"बूट कुठेत रे?"

"ठिवल्यात सायेब. लगीनसराई आली न्हवं?"

सहा महिने मी घसा फोडला. मग आमच्या शिफ्टमधल्या बाळूचं लग्न निघालं. नवरदेव घोड्यावर, अंगात सूट आणि पायात आमचे बूट! मारुतीच्या देवळापाशी तो उतरला आणि बँडच्या आवाजाने बिथरलेल्या घोड्याने सरळ त्याच्या पायावर पाय दिला. मांडवातल्या बायका किंचाळल्या. बँड बंद. सगळे धावले.

बाळू आपला हसतोय. "सायेब, बगा की! काय बी झालं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट बुटांत. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, हे कसं साधलं? मी रिपोर्टमध्ये 'प्रात्यक्षिकाद्वारे' असं लिहिलं. घोड्याचा उल्लेख टाळला.

* * *

खंडेनवमीला मशिनींची पूजा असते. नेमके आदल्या दिवशी नवे गॉगल आले होते. मंडळींनी हौसेने तेही पूजेत मांडले. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, वर नारळ.

दसरा झाला, गॉगल कोणी घालेना! आमचे फोरमन गणपतमामा म्हणजे तीस वर्षं शॉपमध्ये, म्हणजे मशिनींच्या शेडमध्ये काढलेले, मिशीवाले, आवाज असा की प्रेसचाही आवाज दबावा. ते म्हणाले, "सायेब, पुजलेलं त्वांडावर कसं घालायचं?"

"अहो मामा, मशीनपण पुजलीय. ती चालवता ना?"

"तिच्या आदी पाया पडतो की!"

"मग गॉगलच्याही पडा!"

पडले. रोज सकाळी गॉगल कपाळाला लावायचे आणि मग डोळ्यांवर. बाहेरून आलेल्या ऑडिटरने शेरा मारला, 'येथील कामगारांना सुरक्षा साधनांबद्दल कमालीचा आदर आहे.'

* * *

पुढे मुंबईहून एक सल्लागार आले. टाय, लॅपटॉप, सगळा थाट. म्हणाले, "चुका शोधू नका. जो सुरक्षित वागतो त्याला पकडा आणि कौतुक करा!"

आता गणपतमामांनी आयुष्यात कधी कोणाचं कौतुक केलं नव्हतं. पण साहेबाचा हुकूम! मामा बाळूसमोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"काय रं गाढवा! गॉगल घातलायस व्हय? लई ब्येस दिसतुयास!"

बाळू पांढराफटक पडला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे धावत आला. "सायेब, मामा ग्वाड बोललं. मला काडून टाकत्यात का काय?"

मीही एकनाथवर तोच प्रयोग केला. त्याच्यात कौतुक करण्यासारखं काही दिसतंय का, म्हणून अर्धा तास खांबाला टेकून उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "एकनाथराव, शर्ट छान खोचलाय हं!"

त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "सायेब, घरी समदं ठीक हाय न्हवं?"

ट्यूब जागच्या जागी.

* * *

मग सुरक्षा सप्ताहात कामगारांच्या घरच्यांना कारखाना दाखवायची टूम निघाली. बुधवारी बायकापोरं आली. एकनाथची बायको सुनंदाताई चार नंबरपाशी थांबल्या. मशीन बंदच होती.

"भाऊ, ही ट्यूब कशाला हो?"

एकनाथ छताकडे पाहू लागला. मी सगळं सांगितलं. दोन बटणं का असतात आणि ट्यूबमुळे एक हात कसा मोकळा राहतो, तेही.

"आन मोकळा हात त्या ठोकळ्याखाली गावला तर?"

ताईंनी वर ठोकळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडे. बटणावरची ट्यूब सोडली, नीट गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

"ही मी घरी नेती," म्हणाल्या.

गुरुवारी कारखान्याची साप्ताहिक सुट्टी होती. शुक्रवारी मी शॉपमध्ये गेलो. चार नंबरवर ट्यूब नव्हती! एकनाथचे दोन्ही हात दोन्ही बटणांवर. डाव्या मनगटावर लालभडक वळ. मला इतका आनंद झाला की त्याला मिठी मारावी असं वाटलं.

गणपतमामा कौतुक करायला निघालेच होते. मी त्यांना थोपवलं आणि स्वतः जवळ गेलो.

"एकनाथराव, काय झालं हो?"

त्याने मशीन थांबवली. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकला.

"सायेब, काल कारभारणीनं दिसभर ह्यो हात त्याच ट्यूबनं बांदून ठिवला. जेवान झालं, आंगूळ बी झाली. पर तुमी कदी एका हातानं लेंग्याची नाडी बांदलीया?"