कवळीमास्तरांनी पैसे घेणं सोडलं

माझे भावोजी कवळ्या बनवतात. आमच्या भागात त्यांना सगळे कवळीमास्तर म्हणतात. ते त्यांना आवडतं की नाही, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, कारण भावोजींच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा, दुकान स्वतःच्या मालकीचं झालं तेव्हा, त्यांची आई गेली तेव्हा, प्रत्येक वेळी चेहरा तोच. "ताई, या माणसाला आतून प्लॅस्टर भरलंय," असं मी बहिणीला चिडवायचे. ती नुसती मान हलवायची.

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाक, आरसा आणि माझं टेबल. मी नंबर लावते, पैसे घेते आणि लोकांची बोलणी खाते. मागच्या खोलीत भावोजी, मेणाचा वास, फळीवर मांडलेले प्लॅस्टरचे जबडे आणि घासायचं छोटं मशीन. कवळी बसवली की काम संपलं असं नसतं, खरी कटकट त्यानंतर सुरू होते. इथे टोचते, तिथे हलते, बोलताना शिट्टी वाजते. माणूस तणतणत येतो. भावोजी त्याच्या हिरडीवर दुखऱ्या जागी शाईची पेन्सिल टेकवतात आणि कवळी घालायला लावतात. तिच्यावर ठिपका उमटतो, मग नेमकं तेवढंच घासायचं. चार दिवसांनी तो पुन्हा हजर. "एवढे पैसे मोजले आणि साधा घास चावता येत नाही!" हे ऐकल्याशिवाय माझी सकाळ होत नसे.

एकदा दुपारचा चहा पिता पिता भावोजी म्हणाले, "उद्यापासून पैसे घेऊ नकोस."

"कुणाचे?"

"कुणाचेच."

"भावोजी, बरं वाटतंय ना?"

"तेच तर. पूर्वी पैसे हातात पडले की बरं वाटायचं. आता काहीच वाटत नाही. न घेता काही वाटतं का, बघू."

माझं डोकंच फिरलं. पैशात सुख नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, सगळी पोटभर जेवल्यावर म्हणतात. पण भावोजींनी विचार केलेला होता. वरचा मजला भाड्याने दिलेला, मुलगी दूर तिच्या संसारात. भाड्यावर घर चाललं असतं आणि माझा पगारही निघाला असता. म्हणजे भांडायला जागा नव्हती. तरी मी ताईकडे गेले. ती म्हणाली, "करू दे गं. आयुष्यात कधी काही मागितलंय का त्यांनी?"

मग काय, गावातली सगळी बोळकी आमच्या बाकावर. एक बाई तर स्वतःचे धडधाकट दात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एक करून ठेवा, पुढेमागे लागेलच." मी त्यांना दार दाखवलं. बाकीचे भावोजींचे हात हातात घेत, देव तुमचं भलं करो म्हणत. एक निवृत्त बसड्रायव्हर आरशात स्वतःला बघून चक्क रडले. भावोजी प्रत्येकाला म्हणायचे, "बरं."

संध्याकाळी कुलूप लावताना मी विचारायचे, "काही वाटलं का?"

"अजून नाही."

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस भावोजी मागच्या खोलीतून बाहेर आले आणि रिकाम्या बाकाकडे बघत राहिले.

"कवळी नेलेलं कुणी परत येत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"एकही?"

मी आठवून बघितलं. खरंच कुणी आलं नव्हतं. भावोजींनी आपले हात उलटसुलट करून बघितले. "म्हणजे पैशाची घाई गेली आणि हात बसला म्हणायचा," ते म्हणाले आणि हसले. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की टोमणा मारायचंही सुचलं नाही. त्या दिवसापासून ते काम करताना गुणगुणायला लागले. आवाज भयंकर होता, पण मी मधलं दार उघडंच ठेवायचे.

पुढच्याच आठवड्यात चहाच्या दुकानात ते बसड्रायव्हर दिसले. गाल आत गेलेले, बिस्किट चहात बुडवून जिभेने चेपत होते.

"काका, कवळी कुठे?"

त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "टोचते."

"मग दुकानात या ना!"

"कुठल्या तोंडाने येऊ? फुकट दिलीय त्यांनी. पैसे दिले असते तर पहिल्याच दिवशी येऊन दुकान डोक्यावर घेतलं असतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगळ्यांचं तेच आहे. आम्ही बागेत बसतो, दात खिशात ठेवून. त्यांना सांगू नका हं."

मी उठले आणि चालत सुटले. आधी त्या लोकांचा राग आला, मग भावोजींचा, मग कसलाच येईना. सांगितलं तर माणसाचं हसू जाणार, आणि न सांगावं तर अर्धा गाव उपाशी. ताईला विचारावं म्हणून तिच्या घरी गेले.

भावोजी जेवून दुकानात गेले होते. ताई स्वयंपाकघरात एकटीच जेवत होती. शेजारी वाटीतल्या पाण्यात तिची कवळी. भावोजींनीच केलेली, कित्येक वर्षांपूर्वी. ताई नेहमी मागाहून जेवते हे मला माहीत होतं. का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. ती हिरड्यांनी घास घोळवत ऐकत होती.

"आता काय करू? इतक्या वर्षांनी माणूस हसलाय गं."

ताईने वाटीकडे बघितलं. "माझीही टोचते," दूध संपलंय म्हणावं, तशी ती म्हणाली.

तिने हात धुतले, कवळी घातली, घरखर्चाच्या डब्यातून नोटा काढल्या आणि म्हणाली, "चल."

दुकानात ती गिऱ्हाइकासारखी बाकावर बसली. नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या. भावोजी गुणगुणत बाहेर आले आणि थांबले.

"इथे टोचतंय," ताई गालाला बोट लावून म्हणाली.

"कधीपासून?"

"बसवलीत तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"फुकटची होती. आणि तुम्ही इतक्या कौतुकाने बघत होतात." आवाजात टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. "तुमच्या सगळ्याच माणसांना टोचतेय. हिला विचारा."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला, आणि तो तसा होताना मला बघावा लागला. त्यांनी पेन्सिल आणली, ताईच्या हिरडीवर टेकवली आणि कवळी घेऊन आत गेले. मशीन बराच वेळ चाललं.

कवळी पुन्हा घातल्यावर ताईने जबडा इकडेतिकडे हलवून बघितला. तिचा चेहरा जरा सैल पडला. मी समजत होते की तिचा चेहराच तसा आवळलेला आहे.

मी नोटा तिच्याकडे सरकवल्या. "ठेव गं. घरखर्चातले म्हणजे त्यांचेच तर आहेत."

"घे ते," भावोजी म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही ती."

सख्ख्या बहिणीचे पैसे मी खणात टाकले.

"अजून कुठे टोचतंय?" भावोजींनी विचारलं.

ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "आहे अजून."

भावोजींनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.