एक कमी हाय

उजवा हात कमरेच्या उंचीवर आडवा, पंजा जमिनीकडं. त्या हाताखालून काहीतरी चाललंय, अशा बेतानं एकेक बोट मिटत जायचं. ओठ हलायचे, आवाज नाही. शेवटी एकच शब्द, "झालं."

आमच्या नेकनूरच्या शेजारणीला, म्हणजे आक्काला, तुम्ही लग्नाच्या मांडवात उभी करा नाहीतर एसटी स्टँडवर, सांज झाली की तिचा हात असा आडवा व्हायचा. मेंढरं मोजायची सवय. नवरा गेल्यावर मेंढरं विकली, पण हात काही ऐकेना. मग ती गल्लीतली माणसं मोजायची. कुणी घरी परतलेलं नसलं, की जराही आवाज न चढवता म्हणायची, "एक कमी हाय." तेवढ्यानं अर्धी गल्ली शोधायला निघायची.

मी या गल्लीत नवी सून म्हणून आले तेव्हा दहावी पास होते, आणि तो निकाल कपाळावर डकवल्यासारखी वावरत होते. पहिल्याच दिवशी आक्का दारात आली, सोबत वासराएवढं कुत्रं. काही न विचारता तिनं माझी नवी चप्पल उचलली, कुत्र्याच्या नाकापुढं धरली आणि त्याला म्हणाली, "आजपासून ही आपली." त्यांच्यात रीतच होती तशी. कळपात नवं जनावर आलं की कुत्र्याला वास द्यायचा, मग कुत्रं त्याला चोरू देत नाही आणि चुकूही देत नाही. मी काय केलं असेल? चप्पल साबणानं धुतली. दोनदा. अशी मी हुशार.

आठच दिवसांत सासूबाईंशी वाजलं, तेही चहात साखर किती यावरून. पिशवी उचलून मी माहेरी निघाले. स्टँडच्या वाटेवर तेच कुत्रं आडवं आलं. भुंकलं नाही, चावलं नाही. मी डावीकडं वळले की ते डावीकडं, उजवीकडं वळले की उजवीकडं. माझ्या डोळ्यांदेखत बीडची गाडी निघून गेली. मागून आक्का आली. "रडतीस कावून? सांजच्याला तू कमी भरली असतीस." मी परत फिरले. घरी मात्र आजपर्यंत हेच सांगत आलेय, की मीच मन मोठं केलं.

आक्काची एकुलती एक लेक शिकली आणि दिल्लीकडं मोठ्या कंपनीत लागली. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, नवरा जहाजावर. तिला दिवस गेले तसं तिनं आईला कायमचं बोलावून घेतलं. आक्का म्हणाली, येते, पण भुऱ्या आणि मांजर घेऊन. भुऱ्या म्हणजे मला अडवणाऱ्या त्या कुत्र्याच्याच वंशातला. लेकीनं गाडी ठरवली, दोन दिवसांचा रस्ता. वाटेत बोलाचालायला शिकलेलं माणूस हवं, म्हणून मला सोबत घेतलं. मांजर टोपलीत गपगार, भुऱ्या आक्काच्या पायाशी गपगार, आणि शिकलेलं माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून उलट्या करतंय.

फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्याबरोबर आक्कानं आपली घोंगडी झटकून फरशीवर अंथरली. भुऱ्यानं हुंगली आणि तिच्यावर अंग टाकलं. मांजरानं फ्रीजचा माथा धरला. त्यांचा मुक्काम पडला.

पण भुऱ्या लिफ्टमध्ये येईल त्याच्यावर भुंकायचा. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. आठ दिवसांत कुत्रा हलवा. लेकीला नववा लागलेला, जवळ आईशिवाय कुणी नाही. आक्का कागदाकडं बघत म्हणाली, "त्ये गेलं तर मी बी चालले. आनलेल्याला टाकून ऱ्हायची रीत न्हाई आमची." धमकी नव्हती ती, नुसती माहिती होती. लेक तोंड फिरवून भांडी लावत बसली. मी शहाणपणानं सुचवलं, कुत्र्यांना सांभाळणारी माणसं असतात इथं, ठेवू तिकडं. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. धुतलेल्या चपलेकडं पाहिलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी ती भुऱ्याला घेऊन दारोदार निघाली. अकरा मजले, एकही दार सोडलं नाही. "चप्पल बताव. कुत्ते को पैचान होने दो." मी लाजेनं जिन्यात लपून ऐकत होते. काहींनी दार लावून घेतलं, पण चपला बाहेरच होत्या.

भुंकणं थांबलं. मी लेकीला पेढे आणायला सांगणार, तेवढ्यात सोमवार उजाडला. भुऱ्या गेटात आडवा. एकालाही ऑफिसला जाऊ देईना. सगळा कळपच त्याचा, एकेक जनावर असं फुटून निघालेलं त्याला कसं चालेल? सेक्रेटरी स्वतः बॅग छातीशी धरून उलट्या पावली लिफ्टपर्यंत गेले.

मग आक्कानं घोंगडी गेटापाशी नेली. सकाळी एकेकाकडं बोट करून भुऱ्याला सांगायची, "जाऊ दे, येतंय सांजच्याला." भुऱ्या बाजूला व्हायचा. सांजेला हात आडवा. लोक आधी हसले. मग हात हलवायला लागले. एक शाळकरी पोरगी तर मुद्दाम वाकून तिच्या हाताखालून जायची.

मुदतीतल्या सातव्या सांजेला "झालं" आलं नाही.

"एक कमी हाय. चौथ्या मजल्यावरचं म्हातारं. सकाळी दुधाला उतरतंय, आज उतरलंच न्हाई."

वॉचमन म्हणाला, झोपले असतील. सेक्रेटरीही तेच म्हणाले. आक्का भुऱ्याला घेऊन सरळ वर गेली. तो त्या दाराशी बसला आणि पंजानं दार खरवडू लागला. म्हाताऱ्याचा परगावी असलेला मुलगा एक किल्ली सेक्रेटरींकडं ठेवून गेला होता, ती आणून त्यांनी दार उघडलं. म्हातारा सकाळपासून न्हाणीत पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, पण जिवंत. माझी मान, बाई, त्या दिवशी लिफ्टच्या छताला लागत होती.

आठव्या दिवशी सेक्रेटरी आले. हातात कागद नव्हता, बायकोच्या सॅंडली होत्या. म्हणाले, "ये मायके गई थी. इनका रह गया था."

नात झाली. भुऱ्याला तिचं झबलं हुंगवलं आणि मी परत आले. आक्काच्या दाराला आता कुलूप आहे. सांजच्याला गल्लीत कुणी मोजत नाही. कोण आलं, कोण राहिलं, ज्याचं त्यानं बघायचं.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "समदी आली तरी भुऱ्या गेटातून उठंना गं. त्याचं बी बरोबर हाय, एक कमीच हाय. लेक येतीय तिकडं कामाला, तिच्याजवळ तुजी एक चप्पल दे."

मी म्हटलं, म्हातारपणी हे काय खूळ. फोन ठेवला, पायातलीच एक काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळली.

या वेळी धुतली नाही.