ग्रासियास म्हणजे पुरे

"समोर येऊन नाही म्हणायची हिंमत नाही मेल्यात!" सेफेरीनाबाईंनी फोन खाटेवर आपटला.

आणि का नाही आपटणार? इतकी वर्षं त्यांच्या अंगणात बायका आओ पोई विणत आल्या, त्या तलम कापडावर भरतकाम करत आल्या. असुन्सिओनच्या दुकानातला म्हातारा रिगोबेर्तो कापड घ्यायला स्वतः यायचा. आंब्याखाली बसायचा, कापड गालाला लावून बघायचा. गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याच्या तेरेरेनं भरलेला शिंगाचा पेला हातोहात फिरायचा, आणि दोन-चार फेऱ्या झाल्याशिवाय धंद्याचा विषय निघायचा नाही. ज्याला पुरे झालं त्यानं पेला परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं. म्हणजे बस्स, आता मला नको. हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं.

रिगोबेर्तो घरी बसला आणि त्याच्या खुर्चीत माद्रिदचा बोर्हा आला. साहेबांना वेळ नाही! म्हणे, व्हिडिओवर भेटू. बाईंनी ठेवणीतला ब्लाउज घातला, फोन घागरीला टेकवून उभा केला, सवयीनं तेरेरेही केलं. कापड उलगडून उलगडून दाखवलं. तो बघत होता की दुसरंच काही वाचत होता, देव जाणे. शेवटी म्हणाला, "ग्रासियास, सेन्योरा, ग्रासियास." बाईंनी तिथंच फोन बंद केला.

कापडाचं हे काम मिळालं असतं तर त्यांची लेक निमिया घरी राहणार होती. नाहीतर बुएनोस आयरेसला कुणाच्या तरी घरी राहून धुणीभांडी, आणि तिची दोन वर्षांची अरामी आजीकडे.

"आई, एकदा विचारून तर बघ."

"दोनदा म्हणाला गं, दोनदा! आता काय पाया पडू त्याच्या?"

बोर्हाचे फोन येत राहिले. बाईंनी एकही उचलला नाही. निमियानं रविवारी अरामीला झोपवलं आणि बुएनोस आयरेसची बस धरली.

मग मात्र बाईंना राहवेना. तोंडावर चार शब्द सुनावायचेच म्हणून त्यांनी नातीला काखोटीला मारलं आणि असुन्सिओनचं दुकान गाठलं. बोर्हा त्यांना बघून उठलाच.

"सेन्योरा! फोन का उचलत नाही तुम्ही? सगळं कापड हवंय मला!"

"हवंय? तू तर ग्रासियास म्हणालास!"

"आभार मानले हो! पुढं बोलतच होतो, तर तुम्ही बंद केलात."

बाईंचा आवाज चढलाच. "अरे, माझ्या अंगणात बसला असतास तर तुझं तोंड बघून कळलं असतं मला! पेला परत देतोस की नाही, ते तरी दिसलं असतं! एक दिवस यायला काय पाय झिजत होते तुझे?"

"चुकलं माझं. पुढच्या वेळी व्हिडिओवर नीट—"

"खबरदार! पुढच्या वेळी तू यायचंस. बसनं ये, चालत ये, तुझं तू बघ."

बाहेर येऊन त्यांनी निमियाला फोन लावला. "काम मिळालं गं. ये परत."

पडद्यावर निमियानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "आई, मालकिणीला सहा महिन्यांचा शब्द देऊन बसलेय मी. मोडता नाही येणार." मग डोळे पुसून म्हणाली, "अरामीला दाखव ना."

बाईंनी फोन नातीसमोर धरला. आईला बघून पोर खुदकन हसली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "घे."