न पडलेली थाप

उत्तरेश्वर तात्यांच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं, आणि तेच शेवटी नडलं. माजलगावच्या बाजूच्या एका सहकारी साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी सारी उमर काढली. कारखान्याची एक रीत असते. गाळप संपलं की सगळी यंत्रं खोलायची, घासायची, झिजलेलं काढून नवं बसवायचं आणि जुनं भंगारात टाकायचं. पुढच्या हंगामात बॉयलर पेटला की कुठं खडखड ऐकू येता कामा नये. ही रीत तात्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातला पाट डुगडुगला तरी ते त्याचे दोन्ही पाय काढून नवे ठोकायचे. त्यांची बायको भिवराबाई म्हणायची, "ह्या घरात एक मीच जुनी ऱ्हायले."

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात तात्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. धरणाचा तळ उघडा पडला होता. ऊस नसल्यामुळे त्या साली गाळपच झालं नव्हतं, आणि साखरेच्या गोदामात चिमण्या खेळत होत्या. चेअरमनसाहेबांना ते रिकामं गोदाम बघवेना. तिथं त्यांनी सहकाराचं संग्रहालय काढायचं ठरवलं. ऊस नाही तर नाही, निदान इतिहास तरी गाळू, असा काहीसा हिशेब असावा.

वस्तू गोळा करायचं काम बद्रीनाथ सरांकडं आलं. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. हळू बोलायचे, आणि कुठलीही वस्तू दोन्ही हातांनी उचलायचे. त्यांनी जुने कोयते आणले, टायरची गाडी आणली, पहिल्या साखरेचं पोतं आणलं. आणि एक दिवस पाटोद्याकडच्या एका वाडीतून त्यांनी एक खोकं आणलं.

बाभळीच्या फळ्यांचं, एखादी शेळी मावेल एवढं खोकं. आत मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा गोल तासून बसवला होता. त्यावर बैलाच्या नालेचे खिळे ठोकलेले. बाहेरचा दांडा फिरवला की तुंबा फिरायचा, खिळे एकेक लाकडी हातोडी उचलून सोडायचे आणि हातोड्या आडव्या बांधलेल्या ढोलकीवर पडायच्या. निदान तशी योजना होती. ढोलकीचं कातडं फाटलं होतं, टाळांसाठी जागा केली होती पण टाळ नव्हतेच, आणि तुंब्याच्या अर्ध्या भागावर खिळे होते, अर्धा कोरा होता.

"बहात्तरच्या दुष्काळात बंकट नावाच्या ऊसतोड कामगारानं हे करायला घेतलं," सर म्हणाले. "नवरा-बायको दसरा झाला की कोयता घेऊन जायचे, पोर आजीपाशी राहायची. संध्याकाळ झाली की बापाच्या ढोलकीसाठी रडायची. म्हणून त्यानं तिच्यासाठी ढोलकी वाजवणारं खोकं करायला घेतलं. अर्धं झालं होतं, परत आल्यावर टाळ बसवतो म्हणून गेला. घाटात उसाची गाडी उलटली, त्यात गेला."

तात्या खोक्याभोवती फिरत होते. मनात म्हणत होते, गडी हुशार होता, पण हत्यार नव्हतं बिचाऱ्याकडं. खिळे वाकडेतिकडे, मध्येच जागा सुटलेली.

"तात्या, फक्त धूळ झाडायची, कातडं बदलायचं, वंगण द्यायचं," सरांनी बजावलं. "एक खिळा काढायचा नाही, एक घालायचा नाही. त्याची मुलगी आहे, सत्यभामाबाई. त्यांना बोलावून विचारू, मग पुढचं."

तात्या "बरं" म्हणाले. ते खोटं बोलले असं नाही. त्या वेळी त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

पण चेअरमनसाहेब येऊन गेले. "उद्घाटनाला हे वाजलं पाहिजे तात्या, तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" एवढं म्हणून त्यांनी पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानं काम झालं. सर औरंगाबादला कागदपत्रं बघायला गेलेले. तात्यांनी खोकं वर्कशॉपमध्ये नेलं आणि कारखान्याच्या रीतीप्रमाणे खोललं. तुंब्याला चिरा होत्या, तो लेथवर चढवून गुळगुळीत केला. गंजके खिळे उपटले. सारख्या अंतरावर भोकं पाडून पितळी खुंट्या बसवल्या. जिथं जागा सुटली होती तिथं बंकटचा खिळा पडून गेला असणार असं धरून तीही भरली, आणि कोऱ्या अर्ध्यावर तोच ठेका पुढं चालवला. टाळ लावले. दांडा फिरवला तेव्हा ढोलकी अशी बिनचूक वाजली की वर्कशॉपातले दोघे-चौघे भजनाला बसल्यासारखे माना डोलवायला लागले. तात्यांची छाती फुगली. नालेचे जुने खिळे त्यांनी झाडून भंगाराच्या ढिगात टाकले, आणि त्याच आठवड्यात भंगार लिलावात गेलं.

सर परतले ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. खोकं बघून त्यांचा चेहरा पडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तात्या, आता त्यांना काय सांगायचं?" तात्यांना राग आला. चांगलं करून दिलं त्याचं हे बक्षीस, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई आल्या. पन्नाशीच्या, हातावर कोयत्याचे जुने वण, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. भाषणं झाली, फीत कापली, आणि चेअरमनसाहेबांनी दांडा फिरवायचा मान बाईंना दिला.

बाई खोक्याजवळ खाली बसल्या. उजव्या हातानं दांडा फिरवू लागल्या. ढोलकी वाजू लागली, लोकांनी टाळ्या पिटल्या. तात्या मात्र बाईंच्या डाव्या हाताकडं बघत होते. तो हात मांडीवरून उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. दुसऱ्या फेऱ्याला पुन्हा उचलला, पुन्हा थबकला. मग बाईंनी तो पदराखाली घेतला.

बाहेर टँकरच्या सावलीत तात्यांनी त्यांना गाठलं. शाबासकी ऐकायची हौस अजून पुरती गेली नव्हती. "कसं वाजलं माय?"

"लई चांगलं वाजलं तात्या." बाईंनी पदर सारखा केला. "पर ते आमच्या दादाचं, माज्या बापाचं न्हाई."

"म्हंजे?"

"दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं न्हवती. कोयत्यानं गेलती. त्यामुळं त्याच्या ढोलकीत एक थाप पडतच न्हवती. सारी वाडी हसायची. लांबून आवाज आला तरी कळायचं, बंकट हाय म्हणून. खोक्यातबी त्यानं ती जागा तशीच ठिवली. मी दांडा फिरवायची आन् तिथं आली की मांडीवर हात मारायची. त्याची ऱ्हायलेली थाप मी द्यायची."

"हे आधी कावून न्हाई सांगितलं, माय?"

"कुणी इचारलंच न्हाई," बाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर तात्यांना काहीतरी उत्तर सुचलं असतं.

त्या दिवसापासून तात्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. अन्न गोड लागेना. भंगारवाल्याकडं गेले, तर माल जालन्याला जाऊन भट्टीत वितळला होता. सरांनी खोकं आणल्या दिवशी एक फोटो काढला होता, पण त्यात चेअरमनसाहेब मध्ये उभे होते आणि तुंबा नेमका त्यांच्या पोटामागं लपला होता. लेथवर सालपटं निघाली तसं त्या माणसाचं सगळं काही निघून गेलं होतं, आणि ते निघत असताना तात्या शीळ घालत होते. ती शीळ आठवली की त्यांना स्वतःची शिसारी यायची. भिवराबाई म्हणाली, "आवं, चूक झाली माणसाची." तात्या म्हणाले, "चूक न्हवं. मला नको म्हणून सांगितलं व्हतं."

शेवटी त्यांनी एक लहान चौकट बनवली. त्यात भोकांनी भरलेला छोटा तुंबा, काढता-घालता येणाऱ्या खुंट्या आणि एक लहान ढोलकी. ती पोत्यात घालून ते एसटीनं बीडला गेले, तिथून पाटोद्याला आणि पुढं जीपनं वाडीवर. सत्यभामाबाईंच्या ओट्यावर चौकट मांडली.

"तुमी सांगा माय, कुठं थाप न्हवती. मी तसं बसवतो."

बाईंनी डबा घेऊन त्यावर बोटं वाजवून बघितली, आणि खजील होऊन हसल्या. "हाताला येत न्हाई तात्या. लहानी व्हते मी. कानावर पडलं तर कळंल."

मग तात्या एक खुंटी काढायचे, दांडा बाईंच्या हातात द्यायचे. "हे?" "न्हाई." दुसरी काढायचे. "हे?" बाई डोळे मिटून ऐकायच्या. "जवळ आलं वाटतं... न्हाई." तिसरी, चौथी, दोन काढून एक घालून. कधी त्या म्हणायच्या, तुमच्या त्या मोठ्या खोक्याचाच आवाज आता कानात बसलाय. ते ऐकून तात्या मान खाली घालायचे. म्हणजे जे लाकडातून गेलं तेच आता बाईंच्या कानातूनही आपण काढलं, हे त्यांना कळत होतं.

उन्हाळा संपेपर्यंत आणि पावसाळाभर तात्या जात राहिले. त्या साली पाऊस चांगला झाला, धरण भरलं, सगळा मुलूख हिरवा झाला. तात्या मात्र एसटीच्या खिडकीतून ते बघायचेही नाहीत. पोतं मांडीवर घेऊन मनातल्या मनात खुंट्या फिरवत बसायचे. वाडीतली माणसं त्यांना ओळखू लागली. "आला ढोलकीवाला म्हातारा," म्हणायची.

दसऱ्यानंतर गेले तेव्हा वाडीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. मुकादम माणसं मोजत होता. भांडी, पत्रे, कोंबड्या, पोरं, सगळं चढत होतं. सत्यभामाबाई कोयते गोणपाटात बांधत होत्या. या वयातही त्या तोडीला चालल्या होत्या. घराला कुलूप लागलं होतं.

"आता तात्या?" त्या म्हणाल्या.

"एकच डाव, माय. ह्या येळी जरा येगळं बसवलंय."

मुकादमानं हाक मारली. बाई तरीही ओट्यावर टेकल्या. तात्यांनी चौकट पुढं केली. बाईंनी उजव्या हातानं दांडा फिरवला. ढोलकी वाजली, एका जागी अडली, पुढं गेली. एक फेरा. दुसरा फेरा. बाईंनी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं, त्यांच्या उन्हानं काळवंडलेल्या मानेकडं बघितलं.

"हेच हाय," त्या म्हणाल्या. "सापडलं तुमाला. आता येवढ्या लांब येत जाऊ नका तात्या, तब्येतीला जपा."

त्यांचा डावा हात मांडीवर होता. तिसऱ्या फेऱ्यालाही तो तिथंच होता. बांगडीसुद्धा हलली नाही.

तात्यांनी ते बघितलं. बघितलेलं त्यांनी बाईंना कळू दिलं नाही. "लई उपकार झाले, माय," एवढंच ते कसंबसं म्हणाले. ट्रॅक्टर धूळ उडवत निघून गेला आणि तात्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर पोतं धरून बसून राहिले. माफी मिळाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तात्यांना उठायला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

कारखान्यावर सरांनी विचारलं, "सापडला का ठेका?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "बाई म्हणल्या सापडला. पर न्हाई."

मग त्यांनी मोठ्या खोक्यातल्या पितळी खुंट्या एकेक करून उपटल्या. टाळ काढले. चेअरमनसाहेब रागावले, वाजतं यंत्र मुकं केलं म्हणाले. सरांनी त्यांना समजावलं आणि खोक्यापुढं पाटी लावली: बंकट यांचं ढोलकीचं खोकं, अपूर्ण, दुरुस्तीत मूळ ठेका नष्ट झाला. कुणामुळं, ते सरांनी लिहिलं नव्हतं. तात्यांनी हट्टानं आपलं नाव त्यात घालायला लावलं. येणारे लोक दांडा फिरवतात, कोरा तुंबा गपगुमान फिरतो, आणि ते हसून पुढं जातात.

तोड संपून हंगाम उलगल्यावर पुढच्या उन्हाळ्यात सत्यभामाबाई परतल्या. कुठल्याशा लग्नाला माजलगावला आल्या होत्या, म्हणून संग्रहालयात डोकावल्या. तात्या बाकावर बसलेले होते. पाटीवरून बाईंची नजर नुसती फिरून गेली. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायची तात्यांची हिंमत झाली नाही. बाई खोक्यापाशी खाली बसल्या आणि त्यांनी दांडा धरला.

तुंबा फिरू लागला. कुठं आवाज नाही. बाईंची नजर दाराबाहेर लागली होती, मन कुठं होतं कोण जाणे. आणि त्यांचा डावा हात उचलला जाऊन मांडीवर पडला. तुंबा फिरून आला तसा पुन्हा पडला. मग पुन्हा, तिथंच.

तात्यांचा हात फिटरच्या सवयीनं खिशातल्या खडूकडं गेला. तुंब्यावर एक खूण, फक्त एक. हात बाहेर आला, खडू बोटांत होता. बाई फिरवत होत्या, आणि मांडीवर थाप पडत होती. ज्या ठेक्यात ती पडत होती तो बाईंना ऐकू येत होता. तात्यांना नाही.

त्यांनी खडू परत खिशात ठेवला, आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले.