अक्काची नागीण आणि माझा आलेख

आमच्या घरात एक नियम होता: नागीण उठली की गेरू लावायचा, तिचं तोंड-शेपूट कमरेभोवती जुळू द्यायचं नाही आणि ‘का?’ म्हणून विचारायचं नाही. जुळलं की माणूस गेलाच!

‘का’ विचारायचंच नाही, तर मी जळगावला एम.एस्सी.ला गणित घेतलं कशासाठी? माझा प्रकल्पच विषाणूंवरच्या औषधांचा होता. अंगात विषाणू किती वेगाने वाढतो, गोळीचा जोर कधी उतरतो, पुढची कधी द्यायची, याची समीकरणं!

आणि नेमकी तेव्हाच भडगावला माझ्या मोठ्या आत्याला, अक्काला, नागीण झाली. नागीणही विषाणूचीच, त्यामुळे मला इतका आनंद झाला! (व्हायला नको होता, मान्य.)

भडगाव गाठलं आणि भांडून तिला डॉक्टरकडे नेलं. दिवसभरात पाच गोळ्या, सात दिवस, रात्री झोप. दुसऱ्याच दिवशी अक्का कंटाळली. म्हटलं, हिला गणितानेच पटवू! कागदावर घड्याळासारखा गोल काढला. त्याभोवती पेन्सिलीने रक्तातल्या औषधाची वरखाली होणारी रेघ. पहिल्या गोळीला ठळक ठिपका, शेवटाला बाण. दिला भिंतीवर चिकटवून!

अक्का किंचाळलीच. “हाई काय शे वं? तोंड-शेपूट जोडी दिन्हं इनी! डोया बी काढेल शे! माले नको गोयी!”

आता काय सांगू, होतीच हो ती नागीण! वेटोळं, डोळा, जीभ, सगळं माझ्याच हातचं.

“खोड ते, पोरी,” नानाकाका म्हणाले, “म्हणजे घेईल ती गोळी.”

“नाही! गणित आहे ते, नाना. एक रेघसुद्धा खोडणार नाही! गोळ्या बंद झाल्या आणि विषाणू उसळला, की बसा गेरू उगाळत!”

नानांनी हात जोडले. काकूंनी मान डोलावली, गेरूची वाटी घेऊन आलेल्या शेजारणीने ती पदराआड सरकवली. जिंकले!

अक्का उठली. जिथे रेघेची टोकं जुळली होती, तिथे तिने बोट ठेवलं.

“रातले गोयी शे का?”

“नाही.”

“मंग रातले रेघ कथाईन उनी?”

खरंच, कुठून आली? रात्रीचे आठ तास गोळी नाही, म्हणजे रेघ उतरत उतरत जवळजवळ संपायला हवी. मी मात्र कागद सुबक दिसावा म्हणून दोन्ही टोकं झोकात जोडून टाकली होती!

“खोडरबर कुठे गेलं?” मी हळूच विचारलं.

अक्काने गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्याली आणि मूठ उघडली. खोडरबर तिच्याकडेच होतं.