तूर बडवणारी मी आणि चाचांचं पिंजण

आधीच सांगते, भुताखेतांच्या बाबतीत मी पक्की नास्तिक. कुणाच्या 'अंगात आलं' म्हटलं की मी आधी कपाळाला हात लावून ताप बघते! तरी हे लिहितेय, कारण साठ वर्षं झाली आणि मला उत्तर सापडलेलं नाही...

१९६४ चा हिवाळा. अमरावतीचं आमचं घर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला – दोन वेण्या आणि डोक्यात मणभर हवा. अकोल्याच्या मामाला रेल्वेच्या एका अँग्लो-इंडियन गार्डने नुकतीच त्याची गिटार दिली होती. ती मी रडून-रुसून पदरात पाडून घेतली. शिकवायला कुणी नाही, सोबत फक्त एक पुस्तक, त्यात वर-खाली बाण काढलेले. तुटक्या कंगव्याचा तुकडा घेऊन मी त्या बाणांबरहुकूम तारांवर तुटून पडायचे. खांद्यापासून हात, ओठ दाताखाली!

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाई, तूर बडवून राहिली का वो?"

आणि या बाईसाहेबांनी गॅदरिंगला नाव दिलेलं! बाबूजी एवढंच म्हणाले, "लोकं हासले, तं गिटार वापस अकोल्याले."

दहा दिवस उरले होते. दुपारी मागच्या खोलीत बसले, तर भिंतीपलीकडून, शेजारच्या काकूंच्या अंगणातून पिंजणाच्या तातीचा, म्हणजे त्या धनुकलीच्या तारेचा, आवाज आला. टुंग... टुंग-टुंग... गाद्यांचा कापूस पिंजायला रहीमचाचा दर हिवाळ्यात यायचे, तो ठेका ओळखीचा होता. मी बडवतच राहिले. तेवढ्यात पलीकडून चाचा म्हणाले, "बेटी, मनगट सोड. तातीले मारू नको, झुलू दे."

मला केवढा राग! कापूस पिंजणाऱ्याने मला गिटार शिकवावी? पण दुसऱ्या दिवशी हात आपोआप त्या ठेक्यावर गेला. खाली जाताना जोर, वर येताना नुसती फुंकर. अशा आठ दुपारी. आईने तुरीचं नाव घेणं बंद केलं.

गॅदरिंगला कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेत बाबूजी चक्क मान डोलवत होते! गिटार वाचली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून ऐटीत विचारलं, "काकू, किती गाद्या पिंजल्या?"

"कोन्त्या गाद्या वो? रहीमचाचा तं दिवाळीच्या आधीच अकोल्याले पोरीकडे गेला. लय बिमार होता म्हणे. आता असन का नसन, कोणाले मालूम!"

झालं. नास्तिक बाई दोन दिवस पांघरुणात. गिटारीच्या पोटात कापसाचा पुंजकाही सापडला – पण वऱ्हाडात कापूस कुठे सापडत नाही? तो पुरावा मी धरत नाही.

शेवटी अकोला गाठलं. मामाने चाचांच्या मुलीचं घर शोधून काढलं. चाचांच्या कबरीवर लावायला मी अगरबत्तीचा पुडा घेतला होता. दारापर्यंत रडतच गेले... आणि ओसरीवर चाचा बशीतून चहा फुरकत बसलेले! वाळलेले, पण जिवंत. मी पोट दुखेपर्यंत हसले. अगरबत्ती कोणासाठी, असं त्यांच्या मुलीने विचारलं तर मी म्हटलं, "मामीसाठी!"

मागे भिंतीला पिंजण टांगलेलं होतं, तात उतरवलेली. मुलगी म्हणाली, "अब्बानं दिवाळीपासून हात नाही लावला."

मी गिटारीचं काही बोलायच्या आतच चाचांनी बशी खाली ठेवली. "मनगट सुटलं का, बेटी?"

"तुमाले कसं मालूम?"

ते स्वतःच गोंधळले. "काय मालूम... तू दिसली, अन् तोंडातून निघालं."

गिटार त्यांनी पाहिलीच नव्हती. ती घरात आली तीच ते अकोल्याला गेल्यावर.

मेलेल्या माणसाने शिकवलं असतं, तर भूत म्हणून मी सुटले असते. साठ मैलांवर जिवंत बसलेल्या माणसाचं काय करू? मला कळलं नाही, कुणाला कळत असेल तर कळवा. पण ओसरीवर चहाचा तो फुर्रर्र आवाज ऐकून मी जो श्वास सोडला ना... मनगटासारखी सगळीच सैल झाले होते मी.