पंपवाले काका आणि हिंदी महासागर

"थांबा, आधी त्याले बोलू द्या," असं म्हणून काका स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटरवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. डॉक्टरही रोग्याची छाती इतकं मन लावून तपासत नाहीत. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकत निदान सांगायचे, "बेरिंग रडून राह्यली."

जळगाव जामोदच्या आमच्या शाळेत टाकीवर पाणी चढवणारी मोटर वर्षातून दोनदा तरी बंद पडायची, त्यामुळे त्यांची-माझी ओळख जुनी. मी भूगोल शिकवते. सगळं गाव त्यांना पंपवाले काका म्हणायचं. तरुणपणी पंधरा वर्षं ते नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. समुद्र कसा असतो, असं विचारलं की म्हणायचे, "मले काय माहीत मॅडम, मी तं खालीच होतो."

तो समुद्र त्यांना वरून दिसला साठीला टेकल्यावर. नौदलातले त्यांचे एक साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःची शिडाची नाव घेतली. लांबी आमच्या दीड वर्गखोलीएवढी. गोव्याहून निघायचं, मॉरिशसला थांबायचं आणि आफ्रिकेपर्यंत जायचं. सोबत एकच माणूस हवा, इंजिनाची भाषा कळणारा. साहेबांचा फोन आला. काकांनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि मग घरी कसं सांगायचं याचा तीन दिवस विचार केला. हे त्यांनीच मला सांगितलं.

काकूंनी आधी अबोला धरला. मग ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, आणि ठेचा बांधून दिला. "साहेबाले खाता येते का ते पाहजा," एवढंच बोलल्या.

काही महिन्यांनी काका परतले ते रापून, वाळून, तळहातांवर दोरांचे वळ घेऊन. सोमवारीच मी त्यांना नववीच्या वर्गात नेलं. फळ्यावर व्यापारी वाऱ्यांचे बाण काढले होते. काकांनी एका बाणावरून बोट फिरवलं.

"हेच ते वारे, पोट्टेहो," ते म्हणाले. "मॉरिशसहून पुढं आठ दिवस मी ह्यायले पाठीवर घेतलं."

वीस वर्षं मी ते बाण काढत आले होते. ते वारे अंगावर घेतलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

मुलांनी त्या दिवशी आणि नंतरही खोदून खोदून विचारलं. देवमासा दिसला का, लाट किती उंच, भीती वाटली का. "भेव वाटे न. पण भेव वाटून इंजिन चालू होते का?" असं ते म्हणायचे. आणि गोष्ट दर वेळी एकाच जागी संपायची: नाव साहेबांनीच काठाला लावली, मी आपलं इंजिन पाहिलं. आम्ही माना डोलावल्या. तुम्हीही डोलावल्या असत्या. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसावर कोण कशाला शंका घेईल?

पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या कार्यक्रमाला आम्ही साहेबांनाच बोलावलं. काठी टेकत आले, उंच आणि मोजकं बोलणारे. समोरच्या रांगेत काका-काकू बसले होते. साहेबांनी सांगितलं, की आफ्रिकेचा किनारा नऊ दिवसांवर असताना वारा उलटा फिरला. एका लाटेनं त्यांना नावेच्या खोलीत या टोकाहून त्या टोकाला फेकलं. तीन बरगड्या मोडल्या. आपोआप चालणारं सुकाणू त्याच तडाख्यात गेलं. शिडाचा दोर ज्यानं काही आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा हातात धरला, तो माणूस तिथून पुढे नऊ दिवस सुकाणूवर बसला. साहेब पडल्या जागेवरून दिशा सांगायचे आणि हा पाळायचा. मध्येच इंजिन गार ठेवणारा पंप गळू लागला, तर यानं पायातल्या चपलेचं रबर कापून त्याला वायसर बसवला. त्याच इंजिनावर नाव बंदरात शिरली.

"मी आज इथे उभा आहे तो याच्यामुळे," साहेब म्हणाले. "त्यानं तुम्हाला हे सांगितलं नसणार, म्हणून मी आलो."

टाळ्यांत काका उठले. टाकी भरली का पाहून येतो, असं काहीतरी पुटपुटले. काकूंनी त्यांची बाही धरून खाली बसवलं. त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"नऊ दिवस झोपले नाई तुमी?"

"झोपलो न. बसल्या बसल्या."

टाळ्या थांबेपर्यंत काकूंनी बाही सोडली नाही.

नंतर मी विचारलं, काका, आमच्यापासून का लपवलंत? "नाव त्यायची, दिशा त्यायची. माह्ये निस्ते हात होते," ते म्हणाले. मग काकूंकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "अन् हिले कळलं असतं, तं पुन्हा जाऊ दिलं असतं का?"

'पुन्हा' असं काही आहे हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. नाव अजून आफ्रिकेतच होती आणि अटलांटिक बाकी होता. काकूंनी आठ दिवस विचार केला. त्या आठ दिवसांत मी त्यांना भाजीबाजारात दोनदा ऐकलं. शेपूची जुडी निवडता निवडता त्या बरगड्यांची आणि चपलेच्या वायसरची गोष्ट सांगत होत्या, नऊ दिवसांचे अकरा करून. मग एक दिवस त्यांनीच काकांची बॅग खाली काढली.

परवा शाळेतून येताना पाहिलं, काकांच्या बंद दुकानापुढे सोनाळ्याचा एक शेतकरी मोटरसायकलवरून पंप उतरवून उभा होता. शटरवर काकूंनी पेंटरकडून पाटी लिहून घेतली आहे: 'मेकॅनिक अटलांटिक महासागरात आहेत. घाई असेल त्यांनी पंप खामगावला न्यावा.'

"हा महासागर कुठीसा आला, मॅडम?" त्यानं विचारलं. आफ्रिका आणि ब्राझीलच्या मध्ये, मी म्हटलं. काकांना यायला दोन-तीन महिने तरी लागतील.

त्यानं पाटी पुन्हा एकदा वाचली. मग पंप उचलून दुकानाच्या ओट्यावर, सावलीत नीट ठेवला.

"राहू द्या इथंच," तो म्हणाला. "विहिरीवर दुसरा हाय तवरोक. ह्याले त्यायचाच हात लागते."